विचारल्याशिवाय

टेम्पो मागे येत होता, एवढंच. भाजीबाजाराच्या तोंडाशी गोण्या उतरवून रिकामा झालेला, चालवणाऱ्याचं डोकं खिडकीबाहेर आणि नजर भलतीकडेच. राजेश्री पाठमोरी उभी राहून मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होती. महारुद्र पलीकडे स्कूटरवर बसून होता. त्याने हाक मारली, राजेश्री. पुन्हा मारली, या वेळी इतकी मोठ्याने की शेजारच्या कांदेवाल्यानेही वळून पाहिलं. ती वळली नाही. आणि मग मेथीवालीच, तिच्या माहेरची, राणीसावरगावची सुलाबाई, जुड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता म्हणाली, "दगडे, सरक." ती सरकली. म्हणजे पाय आधी सरकले आणि कानाला नंतर कळलं, असं. टेम्पोचं मागचं फळकूट तिच्या ओढणीला घासून गेलं. सुलाबाईने मेथी पिशवीत कोंबली, वर न मागता कोथिंबीर टाकली आणि बाजार होता तसा सुरू झाला. मागे बसताना राजेश्री म्हणाली की आज मेथी कोवळी मिळाली. महारुद्र हो म्हणाला. वसमत रोडपर्यंत तो आरशात तिचा खांदा बघत आला आणि दोनदा चुकीच्या गिअरमध्ये गेला.

घरी येऊन टेबलाशी बसला तेव्हा उजव्या हाताचं बोट ठुसठुसत होतं. हाका मारताना त्याने स्कूटरची मूठ इतकी आवळली होती की लग्नातली अंगठी मांसात रुतली होती. लग्नात ती सैल होती, सूत गुंडाळून घालावी लागली होती. आता साबण लावूनही निघत नाही. बसून काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर घरचं खाणं असंच जमा होत जातं, आणि खर्ची तर काही पडत नाही. या गल्लीत दिवसाढवळ्या घरी असणाऱ्या पुरुषांचे दोनच प्रकार धरतात, रिटायर झालेला आणि सस्पेंड केलेला. महारुद्रचे केस काळे असल्यामुळे पहिलं वर्षभर त्याला दुसऱ्या खात्यात धरलं गेलं. शेजारचे मास्तर तर हळहळून विचारायचे, "चौकशी कुठवर आली?" पुढे घरातून त्याचं इंग्रजी बोलणं ऐकू यायला लागलं तेव्हा कुठे गल्लीने त्याला कामावर परत घेतलं.

काम तसं सांगायला सोपं, पण ऐकून घेणारा भेटत नाही. पुण्याच्या एका कंपनीसाठी त्याने एक अवजार केलं होतं, प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम. त्याचं नाव त्याने साचा ठेवलं होतं. संगणकावर माहिती भरायचे एकसारखे पडदे पुन्हा पुन्हा कोण लिहीत बसणार? एकच नमुना लिहायचा, जिथे जिथे फरक पडतो तिथे रिकाम्या जागा सोडायच्या, आणि काळ्या खिडकीत एक ओळ टाईप करायची. हा नमुना घे, रिकाम्या जागी हे भर, तयार फाईली तिकडे नेऊन ठेव. त्या ओळीच्या शेपटीला पर्याय जोडता येतात. दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून एक शब्द. आज साच्याची नवी आवृत्ती सगळ्या कंपनीत जायची होती, आणि तिच्याबरोबर जाणारं पर्यायांचं पान महारुद्रने संध्याकाळपर्यंत लिहून द्यायचं होतं. कोणता शब्द लावला की काय होतं, आणि काहीच लावला नाही तर काय होतं. हे दुसरं महत्त्वाचं. कारण जगात बहुतेक लोक काहीच लावत नाहीत.

त्याने सुरुवात केली. टेम्प्लेट, कोणता नमुना घ्यायचा ते सांगण्यासाठी. आउटपुट, फाईली कुठे ठेवायच्या ते. डिफाईन, रिकाम्या जागेत काय भरायचं ते: आधी जागेचं नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग किंमत. इथे त्याचा हात थांबला. उदाहरण द्यायला पाहिजे होतं. नाव बरोबर काय? त्याने राजेश्री लिहिलं आणि खोडलं. ती सरकली ते त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा झालं. किती वेळ लागला होता? काहीच नाही. आणि राजेश्री म्हटल्यावर रोज घरात किती लागतो? त्याच्या ध्यानात आलं की लागतो. हाक आणि तिची मान यांच्यामध्ये एक बारीक फट असते, पोष्टातल्या खिडकीवरची बाई मान वर करायच्या आधी घेते तेवढी. सहा वर्षं तो त्या फटीला तिचा शांत स्वभाव समजत आला होता. लोकांना कौतुकाने सांगतही आला होता, आमची राजेश्री अगदी शांत.

दगडा हे तिचं पाळण्यातलं नाव. तिच्या आधीची दोन भावंडं तान्ही असतानाच गेली, म्हणून हिचं नाव असं ठेवलं की न्यायला येणाऱ्याने ऐकून तोंड वाकडं करावं आणि पुढच्या घरी जावं. त्याने खरंच पुढचं घर धरलं असावं, कारण ही टिकली. शिकली, इथल्या कृषी विद्यापीठातून मातीवर एम.एस्सी. झाली, आणि उद्या सकाळी झरीला, महारुद्रच्या गावी, त्यांच्या रस्त्यावरच्या खोलीत तिचं माती परीक्षण केंद्र उघडणार होतं. खोलीला रंग देऊन झाला होता, तराजू येऊन पडला होता, बाटल्या लागल्या होत्या. राहिला होता फक्त बोर्ड.

फोन वाजला. पूर्णेची धम्मशीला. वडील रेल्वेत, ही पुण्यात त्याच्याच कंपनीत, आणि मराठवाड्याचा माणूस भेटला की हिची भाषा ताबडतोब फलाटावर उतरते. तिचा आवाज आज बरा नव्हता. वसतिगृहांच्या प्रवेशाचा एक पडदा होता, साच्यातून काढलेला. त्यात तिने चार दिवस बसून हाताने कितीतरी बारकावे भरले होते, कुणाला कशात बसवायचं, कुणाचा दाखला नसला तर काय करायचं. आज सकाळी दुसऱ्याच कुणीतरी साचा पुन्हा चालवला. साच्याने जुन्या फाईलवर कोरी करकरीत नवी फाईल ठेवली आणि झालं म्हणून सांगितलं. महारुद्रने तेच विचारलं जे कुणीही विचारलं असतं, सामायिक जागेत जपून का ठेवलं नव्हतंस. तिने ती चूक लगेच आपल्या नावावर घेतली. आजच ठेवणार होती म्हणाली. मग म्हणाली, "ते माझं झालं. तुमचं सांगा की दादा. फाईल आधीच तिथं हाय हे साच्याला दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग विचारायला काय जातं त्याचं?"

महारुद्रने उत्तर दिलं. ते त्याचं जुनं, पाठ झालेलं उत्तर होतं. पहिल्या आवृत्तीत साचा विचारायचा, वर लिहू का, हो की नाही. पण तो रिकाम्या ऑफिसात आपोआपही चालायचा. तिथे उत्तर द्यायला कुणी नसायचं आणि तो एक प्रश्न धरून सकाळपर्यंत बसून राहायचा, सगळ्यांचं काम अडवून. म्हणून त्याने प्रश्न काढून टाकला. फोर्स हा पर्याय लावला तर जबरदस्तीने लिहायचं असं होतं, ते आता काहीच न लावलं तरी होऊ लागलं. धम्मशीलाने ऐकून घेतलं. म्हणजे कुणी नसताना विचारलं तर अडचण होती, म्हणून कुणी असताना बी विचारायचं न्हाई, असं का, असं तिने शांतपणे विचारलं. त्याने सांगितलं की संध्याकाळपर्यंत बघतो. "बघा," ती म्हणाली. "तुमचा साचा हुशार लय हाय. पर वागणं भाऊबंदासारखं हाय त्याचं."

तो हसला, फोन ठेवला आणि ताबडतोब अस्वस्थ झाला. पंखा फिरत होता पण हवा येत नव्हती. शेजारच्यांनी बोअर सुरू केला होता आणि त्याची घरघर भिंतीतून टेबलात, टेबलातून कोपरात येत होती. तो उठून पाणी प्यायला, परत येऊन बसला, ड्राय रनबद्दल लिहायला लागला. हा पर्याय त्याचा लाडका. काहीही न करता, केलं असतं तर काय झालं असतं ते दाखवतो. ही फाईल नवी झाली असती, हिच्यावर लिहिलं गेलं असतं, ही जशीच्या तशी राहिली असती. महारुद्रचं निम्मं आयुष्य त्याच पर्यायावर चाललेलं. आईशी बोलायचं तर आधी मोरीत दात घासताना पूर्ण बोलणं करून बघणार, तिची उत्तरंही आपणच देणार, आणि मग बाहेर येऊन चहा झाला का एवढंच विचारणार. फोन पुन्हा थरथरला. बन्सीधर, बसस्टँडजवळचा फ्लेक्सवाला. बोर्डाचा नमुना आला होता, हिरव्या रंगात, एका कडेला ज्वारीचं कणीस, दुसऱ्या कडेला ओंजळभर माती. मध्ये मोठ्या अक्षरांत राजेश्री माती परीक्षण केंद्र. खाली लिहिलं होतं, मालक, बघून घ्या अन् ओके म्हणा, लगेच छापायला टाकतो, सकाळी झरीला नेऊन ठोकतो.

ओके ही दोन अक्षरं. त्याने टाईप केली. पाठवायच्या खुणेवर अंगठा गेला आणि तिथेच थांबला. हे नाव बन्सीधरला कुणी सांगितलं होतं? त्यानेच. परवा, स्कूटरवरून न उतरता. त्या दुकानात वाढदिवसाच्या पुढाऱ्यांचे चेहरे वाळत घातलेले असतात, त्यांच्या सावलीत उभा राहून बन्सीधरने विचारलं होतं, नाव काय टाकू? आणि याने इंजिन चालू ठेवूनच सांगून टाकलं होतं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे हेच डोक्यात आलं नव्हतं. बायकोचं नाव विचारलं, बायकोचं नाव सांगितलं.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. कमलबाईंचा हात निवडताना कधी थांबत नाही, पण कान सगळ्या घरभर फिरत असतात. तो येऊन उंबऱ्यात उभा राहिला तशी ती म्हणाली, काम संपलं का लाईट गेली. नाहीतर तिकडून उठणारा तू न्हाईस. त्याला विचारायचं एक होतं, विचारलं भलतंच.

"आई, लग्नाआधी तुझं नाव काय होतं?"

"कामून?"

"असंच."

तिने एक काडी मोडली, दुसरी मोडली. महारुद्रला वाटलं की ती टाळते आहे. पण तिचा चेहरा टाळणाऱ्या माणसाचा नव्हता, जिन्याखालच्या अडगळीत हात घालून काहीतरी चाचपणाऱ्या माणसाचा होता. मग म्हणाली, चांगुणा. सोयरिकीतल्या कुणा बाईचं नाव सांगावं तशी. तिचे आईवडील गेले, भाऊ गेला, गावातल्या बरोबरीच्या सगळ्या लेकी नांदायला गेल्या. "आता कोन हाय म्हनायला?" असं म्हणून तिने पाला ताटात टाकला आणि काड्या बाजूला सारल्या. तो छत्तीस वर्षं या बाईच्या घरात जेवत होता. चांगुणा हा शब्द त्याने आज पहिल्यांदा ऐकला.

त्या ताटावर त्याची नजर खिळली. पितळी, काठाला चेप गेलेलं. हेच होतं. तेव्हा त्यात तांदूळ पसरले होते. वरातीच्या जागरणाने सगळ्यांचे डोळे लाल, लक्ष्मीपूजनाला खोलीत बायकांची ही गर्दी, आणि मध्ये पाटावर ती दोघं. नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने तांदळात नवरीचं नवं नाव काढायचं, मग ते घरातल्यांनी वाचायचं आणि पेढे वाटायचे. नाव आईने ठरवलेलं होतं. आदल्या रात्री त्याच्या कानात सांगूनही झालं होतं. तो वाकला, अंगठी तांदळात टेकवली आणि लिहिलं. तांदळाचा एक आवाज होतो, बारीक, करकरीत, दातांना जाणवणारा. द झाला. ग झाला. तो डा ची काठी ओढत होता तेव्हा सरजाआत्याचा हात मध्ये आला. तो हात आत्ता इतका स्पष्ट दिसला, हिरव्या काचेच्या बांगड्या, तळव्यावर हळद. आत्याने अख्ख्या ताटावरून तळवा फिरवला, शेणाने जमीन सारवावी तसा, आणि तांदूळ सपाट झाले. म्हणाली, अरे झोपीत हायस का, नवं लिव. बायका हसल्या. तोही हसला आणि त्याने नवं लिहिलं. साखरपुड्यापासून लग्नापर्यंत पाच महिने रोज तो फोनवर दगडा लिहीत होता, बोटाला सवय झाली होती, दुसरं काय. काही बिघडलं नाही. लिहिलेलं कुणी वाचायच्या आधीच पुसलं गेलं होतं. मग सहा वर्षांत एकदाही न आठवलेली गोष्ट आज आठवताना त्याच्या मानेवर घाम का यावा, हे त्याला कळेना.

तो परत टेबलाशी आला आणि साच्यात चार ओळींचा बदल केला. फाईल आधीच असेल आणि समोर माणूस बसलेला असेल तर विचारायचं. समोर कुणी नसेल तर अडून बसायचं नाही, पण वर लिहायचंही नाही. चूक सांगून बाहेर पडायचं. ज्याला जबरदस्तीच करायची असेल त्याने आपल्या हाताने फोर्स टाईप करावं. चालवून पाहिलं. काळ्या खिडकीत प्रश्न उमटला आणि त्यापुढे एक पांढरी चौकट उघडझाप करत उभी राहिली. पर्यायांचं पान पूर्ण झालं, धम्मशीलाला गेलं, तिचा अंगठा आला. चार ओळी. इतकंच होतं. त्याला बरं वाटायला हवं होतं. पण ती चौकट उघडझाप करतच होती, कारण उत्तरादाखल ‘नाही’ टाईप करायचं तो विसरला होता. आणि फोनवर बन्सीधरने तोवर एक प्रश्नचिन्ह पाठवलं होतं, नुसतं.

ऊन कलल्यावर राजेश्री व्हरांड्यात वर्तमानपत्रावर बसली होती. केंद्रातला पहिला नमुना म्हणून तिने भावाच्या शेतातली माती मागवली होती. खलात ढेकळं फोडून ती चाळणीतून चाळत होती. तो दारात आला आणि तो आवाज ऐकून दारातच थांबला. बारीक, करकरीत. मोरीत, टेबलाशी, जिन्यात त्याने हे बोलणं दुपारपासून अनेक रीतींनी करून पाहिलं होतं. त्यातल्या एकीतही ती माती चाळत नव्हती.

"बोर्डाचं विचारायचं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"नाव कोणतं टाकायचं?"

चाळणी चालूच राहिली. "परवाच दिलं ना तुमी बन्सीधरला."

"दिलं. पण तुला विचारलं नव्हतं."

आता ती थांबली. वर पाहिलं. चष्म्याच्या काचांवर धुळीचा थर होता. "आज काय झालं?"

त्याने टेम्पोचं सांगितलं. म्हणजे ते तिच्यासमोरच घडलं होतं, पण त्याच्या बाजूने कसं घडलं ते सांगितलं. मी एवढ्या हाका मारल्या, तू वळली नाहीस, आणि ती बाई नुसती हळूच बोलली.

"हळू न्हाई बोलली," राजेश्री म्हणाली. "लय घाबरली होती सुलाबाई. तुम्हाला कळलं न्हाई." मग चष्मा काढून तिने ओढणीला पुसला, आणि पुसता पुसताच, जणू याच बोलण्यातली पुढची गोष्ट असावी तशी, म्हणाली, "तुमी ताटात पहिलं माझंच नाव लिहिलं होतं."

बोअर बंद झाला होता. घरात अचानक फार जागा झाल्यासारखी वाटली. त्याने कसंबसं विचारलं, तुला दिसलं होतं?

"शेजारी तर बसले होते. दुसरं कुठं बघणार?"

"आत्यानं हात फिरवला..."

"आत्यांचं काय न्हाई. त्यांचं कामच होतं ते." ती मातीचा ढीग बोटांनी सारखा करत होती. "तुमी लगेच दुसरं लिहिलं. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. बघितलं असतं तर मी मान हलवली असती. मला नवं नाव पाहिजेच होतं. कॉलेजात पोरं लय चिडवायची, माती शिकायला दगड आलाय म्हणून. मी तर वाट बघायले होते कधी बदलतंय."

दुपारपासून त्याने तिच्या तोंडी जी जी उत्तरं घातली होती त्यांत हे नव्हतं. राग होता, रडणं होतं, जाऊ द्या हो होतं. आपल्याला क्षमा मिळते आहे की आणखी काही आपल्या नावावर चढतं आहे, हे त्याला ठरवता येईना. त्याचा अंगठा अंगठीशी खेळत होता, ती जागची हलत नव्हती. त्याने विचारलं, मग आता? आता कोणतं?

तिने चाळलेली माती कापडी पिशवीत भरली, पिशवीच्या तोंडाला दोरी आवळली, वर्तमानपत्र दुमडून त्यातली उरलेली धूळ कुंडीत झटकली. तो उभा होता. उत्तराची वाट बघण्यात शरीराचं काय करायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. त्याने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. आतल्या बाजूला भांड्यांचा आवाजही थांबलेला होता, म्हणजे कमलबाई ऐकत होत्या. मग राजेश्री उठली, हात झटकले आणि म्हणाली, "बन्सीधरचा नंबर द्या. माझं मी सांगते."

त्याने दिला. ती आपला फोन घेऊन जिन्याने गच्चीवर गेली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि मायलेक दोघंही छताकडे बघत राहिली. पावलं इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली. ती एकदा हसल्याचा आवाज आला. शब्द एकही नाही. "काय सांगायली रे?" कमलबाईंनी दबक्या आवाजात विचारलं. माहीत न्हाई, तो म्हणाला. तिने तोंड उघडलं, वर हाक मारायलाच, आणि तसंच क्षणभर उघडं ठेवून मिटलं. कोणत्या नावाने मारावी ते तिला सुचलं नाही, की तव्यावरची भाकरी आठवली, कोण जाणे. ती आत निघून गेली.

तेवढ्यात त्याच्या हातातला फोन थरथरला. बन्सीधर. वहिनींचा फोन आला होता, त्यांनी सांगितलं तसं नाव टाकलंय, नवा नमुना पाठवतोय, तुमी एकदा बघून ओके म्हणा. खाली चित्र होतं, अजून न उतरवलेलं, धुकट. हिरवा रंग कळत होता. कडेचं कणीस कळत होतं. मध्ये अक्षरांचा एक पांढुरका ढग, ना आखूड ना लांब, काहीही असू शकेल असा, आणि त्यावर खाली टोक केलेला बाण. बोट टेकवलं की झालं. महारुद्रचं बोट त्या बाणावर गेलं, उचललं गेलं, पुन्हा गेलं. वर पावलं जिन्याकडे वळल्याचा आवाज आला. त्याने घाईघाईने लिहिलं, "मला विचारू नको. त्यांनाच पाठव."

बन्सीधरचं उत्तर लगेच आलं. "मालक, तुमी बघितलं तरी का?"

त्याने फोन पालथा करून स्टुलावर ठेवला. त्यावर तळवा दाबून धरला आणि ती खाली येईपर्यंत तसाच उभा राहिला.